आपले आणि परके : संधिवात आणि जनुकोपचार

(मंडळाच्या भीमजयंती समारंभात दिलेले व्याख्यान)



जयंतीच्या व्यासपीठावरून आजवर आपण राज्यघटना, धम्मक्रांती, आरक्षण, साहित्य अशा विषयांवर पुष्कळ ऐकले आहे. या वर्षी कार्यकारिणीने वैद्यकशास्त्रातील विषय निवडला, आणि तोही सांधेदुखीचा, याचे काहींना आश्चर्य वाटले असेल. परंतु या देशात आपल्या चार भगिनी एकत्र जमल्या की हातापायांच्या दुखण्याचा विषय निघाल्यावाचून राहत नाही, आणि त्या दुखण्याला इंग्लंडची थंडी हे एकच कारण पुढे केले जाते. थंडीवर सारा दोष टाकून मोकळे होणे सोपे असते. थंडीला औषध नाही, म्हणून डॉक्टरकडे जाण्याचेही कारण उरत नाही.

संधिवात हा एक रोग नव्हे. वय झाल्यावर गुडघ्यातील कूर्चा झिजते आणि जिना चढताना कळ येते, तो झिजेचा संधिवात. मी आज ज्याविषयी बोलणार आहे तो ऱ्हुमॅटॉइड संधिवात. आपल्याकडे वैद्य ज्याला आमवात म्हणतात, त्याच्याशी याची लक्षणे बरीच जुळतात. दोनशे प्रौढांत एक किंवा दोघांना हा होतो, आणि पुरुषांच्या दुपटी-तिपटीने स्त्रियांना होतो. ऐन तिशी-चाळिशीतही होतो. बोटांची पेरे, मनगटे, पायांचे लहान सांधे दोन्ही बाजूंनी सारखेच सुजतात. सकाळी उठल्यावर तासभर मूठ वळत नाही, पोळपाट-लाटणे धरवत नाही, पातेल्याचे झाकण उघडत नाही. वेळीच उपचार झाले नाहीत तर बोटे कायमची वाकडी होतात.

या रोगात बाहेरचा कोणताही शत्रू सांध्यात शिरलेला नसतो. शरीराची प्रतिकारयंत्रणाच आपल्या सांध्यावर तुटून पडते. सांध्याच्या आत एक अत्यंत पातळ अस्तर असते. ते सुजून जाड होते, वाढते, कूर्चा व हाड कुरतडू लागते. असे का व्हावे? शरीराने आपल्याच अवयवांविरुद्ध विष निर्माण करणे ही निसर्गाला परवडणारी गोष्ट नव्हे, असे जर्मन शास्त्रज्ञ पॉल एहर्लिश यांचे विसाव्या शतकाच्या आरंभीचे मत होते. परवडत नाही हे त्यांचे म्हणणे खरे, पण घडत नाही असे नाही.

न घडण्यासाठी शरीराने केलेली व्यवस्था मोठी विलक्षण आहे. १९४५ साली अमेरिकेतील रे ओवेन यांनी गाईच्या जुळ्या वासरांचे रक्त तपासले. गर्भाशयात ज्यांचे रक्ताभिसरण एकमेकांशी जोडलेले होते अशी वासरे मोठेपणीही परस्परांच्या रक्तपेशी अंगात बाळगून होती आणि त्यांच्याविरुद्ध कोणतीही तक्रार करीत नव्हती. १९५३ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये पीटर मेडावर व त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच गोष्ट उंदरांवर प्रयोगाने सिद्ध केली. ऑस्ट्रेलियाचे मॅकफार्लेन बर्नेट यांनी आधीच मांडलेल्या कल्पनेला त्यामुळे पुरावा मिळाला आणि १९६० चे नोबेल पारितोषिक या दोघांना देण्यात आले. आपले कोण आणि परके कोण हे प्रतिकारयंत्रणा जन्मजात जाणत नाही, ती ते शिकते, असा या प्रयोगांचा अर्थ होता.

या शिकलेल्या गुणाला शास्त्रज्ञ 'टॉलरन्स' म्हणतात. मराठीत त्याला सहनशीलता म्हणावे तर आपल्या माणसांच्या कपाळाला आठी पडेल, आणि ती रास्तच आहे. अन्याय सोसण्याचा उपदेश ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या करण्यात आला त्यांनी या शब्दाकडे संशयाने पाहावे हे योग्यच होय. म्हणून मी 'स्वसहिष्णुता' हा शब्द वापरतो. दुर्बलाने बलवानाचे सोसावे असा येथे अर्थ नाही. ज्याच्या हाती शस्त्र आहे त्याने ते आपल्याच घरावर उगारू नये, एवढाच अर्थ आहे. आणि हे रूपक मी येथेच थांबवतो. समाजाला शरीराची उपमा देण्याचा मोह ज्यांना पूर्वी झाला त्यांनी मुख, बाहू, मांड्या आणि पाय यांची वाटणी करून काय केले, ते आपल्याला ठाऊक आहे.

तर हे शिक्षण कोठे होते? छातीच्या मधल्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते. टी-पेशी नावाच्या पांढऱ्या पेशी तेथे तयार होतात. त्यांच्यापैकी ज्या शरीरातील प्रथिनांवरच आवेशाने झडप घालतात त्या तेथेच नष्ट केल्या जातात. परंतु ही परीक्षा पूर्णपणे चोख नसते. काही पेशी निसटून बाहेर येतात. त्यांना आवर घालण्यासाठी शरीरात नियामक टी-पेशींचे एक वेगळे दल फिरत असते. जपानचे शिमोन साकागुची यांनी १९९५ साली हे दल ओळखून दाखविले. पुढे २००१ साली मेरी ब्रंकॉव आणि फ्रेड राम्सडेल यांनी एका रोगट उंदराच्या वंशात 'फॉक्स-पी-३' हे जनुक शोधले. या जनुकात बिघाड झाला की नियामक दल उभेच राहत नाही, आणि अशा बालकांच्या शरीरात अनेक अवयवांवर एकाच वेळी हल्ला होतो. या तिघांना २०२५ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

ऱ्हुमॅटॉइड संधिवातात ही स्वसहिष्णुता सांधे दुखू लागण्यापूर्वीच, कित्येकदा अनेक वर्षे आधी, ढळलेली असते. आपल्या प्रथिनांमध्ये आर्जिनीन नावाचा एक घटक असतो. दाहामुळे, धूम्रपानामुळे किंवा हिरड्यांच्या जुनाट रोगात त्याचे सिट्रुलीन या दुसऱ्या घटकात रूपांतर होते. प्रथिन आपलेच, पण त्याचे रूप किंचित पालटलेले. काही व्यक्तींच्या प्रतिकारयंत्रणेला ते परके वाटते आणि ती त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे बनवू लागते. आज रक्ताच्या साध्या तपासणीत ही प्रतिपिंडे सापडतात.

आता औषधांकडे वळू. मेथोट्रेक्झेट हे या रोगाचे आजही मुख्य औषध आहे. ते ज्या औषधकुलातील आहे त्याच्या जन्मात आंध्रातून अमेरिकेत गेलेले डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव यांचा मोठा वाटा होता. दुसरा मोठा टप्पा याच लंडन शहरात गाठला गेला. मार्क फेल्डमन आणि रविंदर मैनी यांनी सांध्यातील दाह पेटविणाऱ्या 'टीएनएफ' या द्रव्याला अडविले तर रोग शमतो, हे १९९२ साली चेअरिंग क्रॉस रुग्णालयातील रुग्णांवर प्रथम पाहिले. त्यातून निघालेल्या इंजेक्शनांनी लक्षावधी लोकांची बोटे वाचविली आहेत. त्यांचे मोल मी यत्किंचितही कमी करीत नाही. मात्र ही सर्व औषधे जाळ विझवितात. ती प्रतिकारयंत्रणेला काही शिकवीत नाहीत. एका घरात ठिणगी उडते म्हणून साऱ्या गावाची वीज तोडावी, तसा हा प्रकार आहे. औषध थांबविले की बहुतेकांचा रोग परततो. शिवाय टीएनएफ हेच द्रव्य शरीरात दडून बसलेल्या क्षयाच्या जंतूंना कोंडून ठेवीत असते. जेथे क्षय घरोघर पाहिलेला आहे अशा भागातून आलेल्या आपल्यासारख्यांनी हे नीट ध्यानात ठेवावे. ही इंजेक्शने सुरू करण्यापूर्वी सुप्त क्षयाची तपासणी होते. घरात पूर्वी कोणाला क्षय झाला होता का, असे विचारले तर लाजेने 'नाही' म्हणू नये.

मग प्रतिकारयंत्रणेला विसरलेला धडा पुन्हा शिकविता येईल काय? या प्रश्नातून जनुकोपचार या रोगाच्या दारात आला. जनुकोपचार म्हणजे पेशीत एखादे जनुक नव्याने घालून तिच्याकडून हवे ते काम करून घेणे. जनुक आत नेण्यासाठी बहुधा निरुपद्रवी केलेला विषाणू हमाल म्हणून वापरतात. मानवावरील पहिला मान्यताप्राप्त प्रयोग सप्टेंबर १९९० मध्ये अमेरिकेत एका चार वर्षांच्या मुलीवर झाला. तिची प्रतिकारशक्ती जन्मतःच लुळी होती.

संधिवातासाठी हा मार्ग प्रथम पिट्सबर्ग येथे १९९६ साली चोखाळण्यात आला. ख्रिस्तोफर इव्हान्स आणि पॉल रॉबिन्स यांनी नऊ स्त्रियांच्या बोटांच्या सांध्यांत, दाह रोखणारे प्रथिन बनविणारे जनुक घातलेल्या त्यांच्याच पेशी सोडल्या. त्या सांध्यांवर आठवड्याने शस्त्रक्रिया व्हायचीच होती. काढलेल्या सांध्यांत नवे जनुक काम करीत असल्याचे दिसून आले. तत्त्व सिद्ध झाले. पण हाही जाळ विझविण्याचाच प्रकार होता, फक्त बंब सांध्यातच नेऊन ठेवला होता.

पुढची हकीकत दुःखद आहे, आणि ती येथे सांगणे मला आवश्यक वाटते. २००७ साली अमेरिकेतील इलिनॉय राज्यात एका ३६ वर्षांच्या स्त्रीच्या गुडघ्यात, टीएनएफला रोखणारे जनुक वाहणारा विषाणू चाचणीचा भाग म्हणून टोचण्यात आला. दुसऱ्या इंजेक्शननंतर सुमारे तीन आठवड्यांनी ती दगावली. तिच्या पश्चात लहान मुलगी होती. शरीरभर पसरलेला बुरशीचा संसर्ग हे मृत्यूचे मुख्य कारण निघाले. टीएनएफविरोधी औषध ती आधीपासूनच घेत होती, त्यामुळे तिची प्रतिकारशक्ती क्षीण झालेली असणे शक्य होते. चौकशीत जनुकोपचाराकडे थेट बोट दाखविले गेले नाही आणि चाचणीला पुन्हा परवानगी मिळाली. तरीही एक प्रश्न उरला. ती काही मरणपंथाला लागलेली नव्हती. तिचा आजार औषधांनी बऱ्यापैकी आवाक्यात होता, आणि ही चाचणी मुख्यतः उपचाराची सुरक्षितता तपासण्यासाठी होती. हे तिला कळले होते काय? या प्रश्नाची तेव्हा जाहीर चर्चा झाली. कर्करोगाने अंथरुणाला खिळलेला माणूस जो धोका पत्करील तो संधिवाताच्या रुग्णाने पत्करावा असे म्हणता येत नाही. या क्षेत्राची गती मंद आहे, याचे हे एक रास्त कारण होय.

स्वसहिष्णुता परत आणण्याचा खरा प्रयत्न उंदरांपासून सुरू झाला. कूर्चेतील कोलॅजेन हे प्रथिन टोचले की उंदरांच्या काही जातींना संधिवात होतो. २००९ साली लंडन व स्वीडनमधील संशोधकांनी त्याच कोलॅजेनच्या एका तुकड्याचे जनुक विषाणूमार्फत उंदरांच्या रक्तजनक मूळपेशींत घातले. या मूळपेशींतून निपजलेल्या प्रतिकारपेशी तो तुकडा 'आपला' म्हणून मिरवू लागल्या. पुढे कोलॅजेन टोचल्यावर अशा उंदरांना संधिवात उशिरा झाला व सौम्य झाला. जाळ न विझविता ठिणगीच पडू न देण्याचा हा मार्ग. परंतु उंदराच्या बाबतीत संशोधकाला आरोपी आधीच ठाऊक असतो, कारण त्यानेच तो टोचलेला असतो. माणसाच्या सांध्यात आरोपी अनेक आहेत आणि रुग्णागणिक ते बदलतात. प्राण्यांत यशस्वी ठरलेले पुष्कळ उपाय माणसापर्यंत येता येता विरून गेले, त्याचे हे मोठे कारण आहे.

म्हणून अलीकडे दोन निराळ्या वाटा पुढे आल्या आहेत. एकीत रुग्णाच्याच नियामक टी-पेशी रक्तातून काढून, सिट्रुलीनयुक्त प्रथिने ओळखणारा ग्राहक बनविणारे जनुक त्यांत घालतात आणि त्या परत देतात. त्यांनी सुजलेल्या सांध्यात जाऊन तेथेच शांतता प्रस्थापित करावी, अशी अपेक्षा असते. ज्या राम्सडेल यांचा मी उल्लेख केला त्यांचा सहभाग असलेल्या अमेरिकन कंपनीने अशा पेशींची माणसांवरील पहिली चाचणी हाती घेतली आहे. तिच्यावरून निष्कर्ष काढण्याची वेळ आलेली नाही. वर्तमानपत्रातील मथळे वाचून कोणी हुरळून जाऊ नये.

दुसरी वाट अधिक आक्रमक आहे. जर्मनीतील एर्लांगेन येथे गेऑर्ग शेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी, कर्करोगासाठी निघालेला उपचार स्वतःवर उलटलेल्या प्रतिकारयंत्रणेसाठी वापरला. रुग्णाच्या टी-पेशींत जनुक घालून त्यांना बी-पेशींचा, म्हणजे प्रतिपिंडे बनविणाऱ्या पेशींच्या कुळाचा, संहार करण्यास शिकविले जाते. काही महिन्यांनी बी-पेशी पुन्हा जन्मतात, पण कोऱ्या पाटीसारख्या. २०२१ साली ल्युपसच्या एका तरुण रुग्णेपासून सुरुवात झाली. २०२४ च्या आरंभी या गटाने ल्युपस, स्नायुदाह व त्वचा ताठर करणारा स्क्लेरोसिस यांच्या एकूण १५ रुग्णांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्या सर्वांची प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे थांबविता आली होती. या यादीत ऱ्हुमॅटॉइड संधिवात नव्हता. त्याचे अनुभव अद्याप मोजक्याच रुग्णांपुरते आहेत. उपचारापूर्वी केमोथेरपी घ्यावी लागते, नंतर तीव्र ताप व संसर्गाची भीती असते. अशा पेशींपासून क्वचित नवा कर्करोग उद्भवू शकतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने २०२४ साली दिला आहे.

आणि किंमत? अमेरिकेत २०१७ साली या जातीचा पहिला उपचार कर्करोगासाठी आला तेव्हा त्याची किंमत पावणेपाच लाख डॉलर होती. येथे मला मुंबईचा उल्लेख करताना आनंद होतो. पवई येथील आयआयटी आणि टाटा मेमोरियल रुग्णालय यांनी मिळून याच जातीचा भारतीय उपचार विकसित केला. त्याला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली आणि एप्रिल २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. तो रक्ताच्या कर्करोगासाठी आहे, संधिवातासाठी नाही. अमेरिकेतील किमतीच्या सुमारे एक दशांशात तो मिळतो. तरीही शेतमजुराच्या घरात ती रक्कम कधी एकत्र दिसत नाही. ज्ञान स्वस्तात निर्माण करता येते हे मुंबईने दाखविले. ते कोणाच्या अंथरुणापर्यंत पोहोचेल, हा प्रश्न प्रयोगशाळेत सुटणारा नाही.

आता जनुक या शब्दाविषयी थोडे. 'आनुवंशिक' हा शब्द ऐकला की आपला माणूस सावध होतो. जन्मावरून माणसाची प्रत ठरविणाऱ्यांनी या कल्पनेचा किती गैरवापर केला ते आपण भोगले आहे. म्हणून हे स्पष्ट करतो. ऱ्हुमॅटॉइड संधिवाताचा संभव वाढविणारी काही जनुके आहेत. त्यांतील प्रमुख जनुके, प्रतिकारपेशींना प्रथिनांचे तुकडे दाखविण्याचे काम करणारी आहेत. परंतु याच देशात जुळ्यांचा जो अभ्यास झाला त्यात, हुबेहूब सारखी जनुके असलेल्या जुळ्यांपैकी एकीला हा रोग असता दुसरीलाही तो असल्याचे प्रमाण १०० त सुमारे १५ होते. उरलेल्या ८५ जणींची जनुके तीच, पण रोग नाही. जनुक हे ललाटलेख नव्हे. धूम्रपान त्यात भर घालते, आणि ते सोडणे आपल्या हाती आहे.

हीच गोष्ट कर्माबद्दल. 'मागच्या जन्मीचे भोग' असे म्हणून दुखणे अंगावर काढणाऱ्या वृद्ध स्त्रिया धम्मदीक्षेनंतरच्या आपल्या घरांतही आहेत. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात गतजन्मीच्या कर्माचा सिद्धांत तपासताना बाबासाहेबांनी आनुवंशिकतेच्या शास्त्राची कसोटी लावली आहे. तो भाग ज्यांनी पूर्वी केवळ पाठ केला असेल त्यांनी तो या दृष्टीने पुन्हा वाचावा.

जनुकोपचार आपल्या दारी येईल तेव्हा येईल. पण आज हाती असलेले उपाय लवकर घेतले तरच बोटे वाचतात. सांधा सुजल्यापासूनचे पहिले काही महिने फार मोलाचे असतात. हातापायांचे लहान सांधे सुजले असतील, एकाहून अधिक सांधे असतील किंवा तीन महिने लोटले असतील, तर आपल्या जीपीने तातडीने संधिवाततज्ज्ञाकडे पाठवावे अशी या देशातील मार्गदर्शक सूचना आहे, रक्ताची तपासणी निर्दोष आली तरीसुद्धा. हे आपण त्यांना सांगू शकता. इंग्रजी येत नसेल तर दुभाषा मागावा. आईच्या तक्रारी डॉक्टरला सांगण्यासाठी बारा वर्षांच्या मुलीला शाळा बुडवायला लावू नये. आई मुलीसमोर निम्मे दुखणे लपविते.

मेथोट्रेक्झेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते, रोज नाही. रोज घेतल्याने माणसे दगावली आहेत. मूल हवे असणाऱ्या भगिनींनी त्याआधीच डॉक्टरांशी बोलावे, कारण गर्भाला ते अपायकारक आहे. गावाकडून कोणी बिनलेबलाच्या पुड्या आणून दिल्या आणि दोन दिवसांत जादूसारखा गुण आला, तर त्यात स्टेरॉईड असण्याची शंका घ्यावी. मात्र अशा पुड्या बराच काळ घेतल्या असतील तर त्या एकाएकी बंद करणेही धोक्याचे असते. त्या घेऊन डॉक्टरकडे जावे.

शेवटी चाचण्यांविषयी. संधिवाताच्या जनुकांची बहुतेक माहिती युरोपीय वंशाच्या लोकांवरून गोळा झालेली आहे. उद्याचे उपचार जर जनुके पाहून ठरणार असतील, तर ज्यांच्या जनुकांची नोंदच नाही त्यांना ते नेमके लागू पडतील काय? म्हणून आपल्यापैकी कोणाला चाचणीत भाग घेण्याविषयी विचारले गेले तर सरसकट नकार देऊ नये, आणि डॉक्टरांचा मान राखायचा म्हणून न वाचता सहीही करू नये. ही चाचणी सुरक्षितता पाहण्यासाठी आहे की गुण पाहण्यासाठी, माझे चालू औषध थांबवावे लागेल काय, मध्येच बाहेर पडता येईल काय, असे प्रश्न विचारावेत आणि कागद घरी आणून दोन दिवस ठेवावा. मंडळाच्या सदस्यांपैकी कोणाला असे संमतिपत्र मराठीत समजावून घ्यायचे असेल तर मी कोणत्याही रविवारी त्यांच्याबरोबर बसून ते ओळीने वाचायला तयार आहे. आपल्या चिटणिसांकडे माझा दूरध्वनी क्रमांक आहे.

अध्यक्ष महोदयांनी प्रश्नांसाठी वीस मिनिटे राखून ठेवली आहेत. ज्यांनी औषधांच्या चिठ्ठ्या बरोबर आणल्या असतील त्यांनी त्या काढून ठेवाव्यात.

जयभीम.